ओढ्याचं पाणी रानात असतं

खटाव तालुक्याच्या पूर्व भागात माझं माहेर. गावाच्या वरच्या अंगाला माळाची लांबलचक पट्टी आहे. तिच्या घळीतून एक ओढा निघतो, गावाला खालून वळसा घालतो आणि आणखी काही गावांच्या शिवा ओलांडून येरळेला मिळतो. येरळा पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेत जाते. सरकारी नकाशात आमचा ओढा म्हणजे एक बारीक निळी रेघ, तीही तुटक. पावसाळ्यात दोन-चार वेळा पूर येणार, हिवाळाभर घोट्याएवढं पाणी वाहणार आणि शिमगा झाला की वाळू उघडी पडणार, एवढाच त्याचा जीव. पण गावातल्या जुन्या विहिरी कुठे आहेत, बागायत कुठे संपते आणि जिरायत कुठे सुरू होते, गुरांची वाट कुठून जाते, हे सगळं या ओढ्यानंच ठरवून दिलेलं आहे.

साताऱ्याबाहेरच्या माणसाला आमचा जिल्हा म्हटलं की महाबळेश्वर आठवतं. तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला, आमच्या खटाव-माणमध्ये, तो ५०० च्या आसपास येऊन थांबतो. मृगात भुरभुर, आषाढ-श्रावणात नुसते ढगांचे पळते कळप, अंगाला लागणारा वारा आणि कोरडं आभाळ. खरा भरवसा परतीच्या पावसाचा. उत्तरा-हस्तात एखाद्या रात्री गडगडून पडतो आणि पहाटे ओढ्याचा आवाज गावठाणापर्यंत येतो. त्या रात्री कुणी नीट झोपत नाही. माणसं कंदील, बॅटऱ्या घेऊन पाणी बघायला जातात. तांबूस-काळं, फेसाळ, सोबत काटक्या-पाचोळा, एखादं वाहून आलेलं कणसाचं ताट. सकाळी दहापर्यंत ते उतरतंही.

लोकांना वाटतं, ओढ्याचं पाणी ते हेच. मी मात्र जानेवारीतल्या पाण्याबद्दल बोलते आहे. आकाश निरभ्र, तीन महिने थेंब नाही, आणि तरी करंजाच्या सावलीत गोट्यांवरून पाण्याची पातळ धार चाललेली असते. हे पाणी कुठून येतं, हा प्रश्न मला लहानपणी पडला होता. त्याचं उत्तर मला पुढे पुस्तकातून मिळालं, पण त्याआधी ते आप्पांनी, माझ्या थोरल्या चुलत्यांनी, विहिरीच्या काठावर बसून सांगितलं होतं.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणावर उभा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, आणि दुरडीत भाकरी रचाव्यात तसे त्याचे थर बसले. प्रत्येक थराचा तळ घट्ट, काळाकुट्ट, पाणी न पिणारा. वरचा भाग सच्छिद्र, ठिसूळ, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. सगळ्यात वर मुरूम आणि माती. माळावर पडलेला पाऊस या मातीतून, मुरमातून खाली झिरपतो, घट्ट थरावर अडतो आणि उताराच्या दिशेनं सरकत राहतो. हे सरकणं फार हळू असतं. हस्ताचा पाऊस डिसेंबरात, कधी जानेवारीत ओढ्याच्या काठातून बाहेर पडतो. आप्पांच्या भाषेत, "ओढा पानी साठवत न्हाय गं. रान साठवतंय. ओढा निस्तं दावतोय, रानात किती ऱ्हायलंय ते."

मला आजवर ओढ्याबद्दल कुणी सांगितलेलं यापेक्षा खरं काही आठवत नाही. माळ उघडाबोडका झाला, वरची माती वाहून गेली, की पाऊस तेवढाच पडूनही पूर मोठा येतो आणि जानेवारीची धार आटते. ओढा आजारी दिसला तर आधी वर माळाकडे बघायचं.

धार आटली तरी ओढा कामातून जात नसे, कारण वाळू होती. चैत्र-वैशाखात विहिरींनी तळ गाठला की बायका ओढ्यात झिरा पाडत. आज्जीबरोबर मी जात असे. ती आधी वाळूकडे नुसती बघे. जिथे वाळू किंचित काळसर, जिथे सकाळी पाखरांच्या पायांची नक्षी दाट, तिथे ती खुरप्यानं रेघ मारी. मग हातानं उकरायचं. वरची वाळू इतकी तापलेली की बोटं पोळत, आणि कोपरभर खाली गेलं की अचानक गारवा लागे. आणखी थोडं उकरलं की बाजूची वाळू ढासळायला लागे. तिथे आजूबाजूचे मोठे गोटे लावून कडा धरायची. तळाला आधी राखाडी पाणी जमे. ते नरोटीनं उपसून बाहेर फेकायचं, पुन्हा जमू द्यायचं, पुन्हा फेकायचं. मला घाई होई. आज्जी म्हणे, "वाईच दम धर. गढूळ उपसून टाक आन् गप बस जरा. आपसूक निवळतंय." आणि खरंच तिसऱ्या-चौथ्या खेपेला तळातले वाळूचे कण एकेक मोजता येतील असं पाणी साठे. त्याच्या पृष्ठभागावर खालून येणाऱ्या झऱ्याचे बारीक कंप दिसत. घागरीच्या तोंडाला लुगड्याचा पदर लावून नरोटीनं भरत बसायचं. एका घागरीला बराच वेळ जाई. रांग लागलेली असे, पण दुसरीच्या झिऱ्यात कुणी हात घालत नसे.

त्या रांगेबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. झिरे सगळ्यांचे एकत्र नव्हते. वरच्या अंगाला एकांचे, खालच्या अंगाला दुसऱ्यांचे. मी लहान असतानासुद्धा ही रेघ पूर्ण पुसलेली नव्हती. जमिनीखालून पाणी एकच सरकत होतं, आणि वर माणसांनी जातीच्या जागा नेमून दिल्या होत्या. ओढ्याची आठवण काढताना हे गाळून टाकणं मला अप्रामाणिक वाटतं.

गावातल्या मातंग कुटुंबांचं तर पोट ओढ्यावर होतं. माळावरच्या बांधाला केकताड, म्हणजे घायपात, उभं असायचं. त्याची पानं कापून, मोळ्या बांधून ती मंडळी ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवत. पानं कुजायला लागली की असा उग्र वास सुटे की त्या बाजूनं शाळेत जाणारी पोरं नाक धरून पळत. मग ती कुजलेली पानं दगडावर बडवून वाहत्या पाण्यात धुवायची. हिरवा-काळा लगदा निघून जाई आणि हातात पांढराशुभ्र वाख येई, लांब, चमकदार. काठावरच्या बाभळींना वाळत घातलेला तो वाख उन्हात दुरून चमकायचा. त्याचीच दावी, कासरे, नाडे, चऱ्हाटं, शिंकी वळली जात. गावातल्या प्रत्येक गोठ्यातलं जनावर, प्रत्येक विहिरीवरची मोट या वाखानं बांधलेली होती. नायलॉनचे दोर बाजारात आले आणि हे काम पाहता पाहता मोडलं. त्या दगडांवर बडवून बडवून पडलेले खळगे अजून आहेत.

बाकीच्यांचंही काही ना काही ओढ्यात असेच. बेंदराला खिलार बैल तिथे घासून धुतले जात. धनगर मंडळी दिवाळीच्या सुमाराला कळप घेऊन खाली मुलखात जायची, पावसाच्या तोंडाला परतायची, आणि लोकर कातरायच्या आधी मेंढरं ओढ्याच्या डोहात घालायची. एकेक मेंढरू पाण्यात ढकलताना जो गोंधळ उडे तो बघायला निम्मं गाव जमे. भाद्रपदात मुली-सवाष्णी गौराई आणायला ओढ्यावरच जात. डोहाच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवता. बाळंतिणीची ओटी, नव्या नवरीचं दर्शन, सगळं तिथे. आसरांच्या धाकानं त्या डोहातलं झाड कुणी तोडत नसे, डोहात घाण कुणी करत नसे. सगळ्यात जुनी जांभळं आणि एक प्रचंड उंबर तिथेच टिकले होते.

काठाची झाडी म्हणजे काय, हे आता ती गेल्यावर जास्त कळतं. करंज, जांभूळ, उंबर, शिंदी, निरगुडी, खाली लव्हाळा आणि पाणकणीस. शिंदीच्या झावळ्यांना सुगरणींची घरटी पाण्यावर लोंबत असत. खंड्या एकाच ठरलेल्या फांदीवर बसे. थंडीत धोबी पक्षी येत, शेपटी वरखाली करत गोट्यांवरून तुरुतुरु पळत. दुपारी ससे, मुंगसं, एखादी घोरपड पाण्यावर येई, संध्याकाळी कोल्हा. ओसाड माळाच्या मधोमध ही एकच हिरवी पट्टी असल्यानं रानातलं सगळं चालतं-उडतं तिच्याच आधारानं एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जात असे. लव्हाळ्याच्या मुळांनी काठ घट्ट धरलेला, त्यामुळे पूर आला तरी कडा ढासळत नसत. पुराचा जोर झाडांत मोडे आणि वाहून आलेली सुपीक गाळमाती काठच्या रानात बसे. आमच्या घरचा भुईमूग त्या मळीवरच यायचा.

१९७२ च्या दुष्काळात आज्जी नालाबांधाच्या कामावर होती. दिवसभर पाट्या वाहायच्या, सुकडी खायची, संध्याकाळी मिलो ज्वारीची लाल भाकरी. आज्जीला त्या भाकरीचा रंग शेवटपर्यंत आठवत होता. पण त्या कामांतून आमच्या ओढ्याच्या वरच्या टप्प्यात दोन मातीचे बांध उभे राहिले आणि त्यांच्याखालच्या विहिरींना पुढे कित्येक वर्षं पाणी राहिलं. उपाशी माणसांनी डोक्यावर वाहिलेल्या मातीनं गावाला पाणी दिलं, याबद्दल मला फार आदर वाटतो. ज्यांनी ते केलं त्यांची नावं गावात कुठेही लिहिलेली नाहीत.

मग वाळू गेली. गावागावांत सिमेंटची घरं उभी राहू लागली आणि ओढ्यात आधी बैलगाड्या, नंतर ट्रॅक्टर, शेवटी रात्रीचे डंपर उतरायला लागले. वाळू म्हणजे पडीक माल, कुणाच्या मालकीचा नाही, अशी समजूत. प्रत्यक्षात वाळूच्या एकूण घनफळात साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते आणि ती पाण्यानं भरते. हात-दीड हात खालच्या पाण्याला ऊन लागत नाही, त्यामुळे ते उन्हाळ्यातही उडून जात नाही. गावाला पैसे न खर्चता मिळालेली ही टाकी होती. ती ट्रॉलीनं विकली गेली. दोन-तीन उन्हाळ्यांतच काठच्या विहिरी आधी आटायला लागल्या.

याच येरळेच्या खोऱ्यात, खाली खानापूर तालुक्यात, १९८० च्या दशकात लोकांनी वाळूचा प्रश्न वेगळ्या रीतीनं हाताळला होता. मुक्ती संघर्ष चळवळीत बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी ठेकेदारांच्या उपशाला विरोध केला, थोडी वाळू स्वतः विकण्याचा हक्क मागितला आणि त्या पैशातून, श्रमदानातून बळीराजा धरण बांधलं. पाणी जमिनीच्या मापानं न देता माणसांच्या हिशेबानं द्यावं, भूमिहीनालाही वाटा असावा, हे तत्त्व तिथून ठामपणे पुढे आलं. आमच्यापासून हे काही फार लांब नाही. तरी आमच्या गावात ती गोष्ट कुणी कधी शाळेत शिकवली नाही.

वाळूनंतर आलं खोलीकरण. राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झालं आणि ठिकठिकाणी ओढ्या-नाल्यांत पोकलेन उतरले. जिथे गाळ खरोखर साचला होता तिथे तो काढल्याचा फायदा झाला. तो गाळ मुरमाड रानात पसरून लोकांनी चांगली पिकं घेतली. पण गाळ संपला तरी यंत्र थांबत नाही, कारण पैसे घनमीटरवर मिळतात. आमच्याकडे एका कंत्राटदारानं ओढा रुंद केला, सरळ केला, दोन्ही काठांची झाडी मुळासकट काढली आणि मुरूम काठावर ढीग करून टाकला. पहिल्याच पावसात तो ढीग परत ओढ्यात आला. डोह गेला. उंबर गेला. आसरांचे दगड कुणीतरी उचलून देवळाच्या भिंतीला लावून ठेवले.

यात केवळ झाडांचं दुःख नाही. ओढा ३ मीटरपेक्षा खोल नेऊ नये, असं भूजलाची जाण असलेली माणसं सांगत होती. काठच्या मुरमात जे पाणी सावकाश सरकत असतं, त्याच्याही खाली तुम्ही चर मारला, तर ते पाणी भराभर त्या चरात उतरतं. चर भरलेला दिसतो, फोटो चांगला येतो. पण ते पाणी आता उन्हात उघडं पडलेलं असतं आणि फेब्रुवारीत काठच्या विहिरी रिकाम्या होतात. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी या अशास्त्रीय कामांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. तोवर आमचा ओढा मात्र खणून झाला होता.

बोअरबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. माळाच्या पायथ्याला तीनशे-चारशे फुटांच्या बोअर झाल्या आणि ओढ्याकडे सरकणारं पाणी वाटेतच उचललं जाऊ लागलं. पिण्याच्या सार्वजनिक पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असा कायदा राज्यात १९९३ सालीच झाला. त्याची आठवण बोअरची गाडी गावात आल्यावर कुणी काढत नाही.

आता चांगलं काय घडतंय ते. आमच्या शेजारच्या माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं २०१८ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा जिंकली, त्याआधी २०१६ साली कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं. ही दोन्ही गावं आमच्याकडची पोरं जाऊन बघून आली. परत आल्यावर ती ओढ्यात गेली नाहीत, माळावर गेली. सलग समतल चर, दगडी बांध, बांधबंदिस्ती, सगळं माथ्याकडून पायथ्याकडे. माळाच्या एका तुकड्यावर चराईबंदी केली. पहिल्या वर्षी कुसळी गवत वाढलं, दुसऱ्या वर्षी पवन्या, म्हणजे चांगल्या चाऱ्याचं गवत, दिसायला लागलं. मेंढरंवाल्यांशी बोलून बाकीचा माळ खुला ठेवला, त्यामुळे भांडणं झाली नाहीत. गेल्या काही हिवाळ्यांत ओढ्याची धार थोडी लांबली आहे. आप्पा ती रोज बघतात, काठी टेकत जातात, आणि फोनवर मला पिकापाण्याच्या आधी तेच सांगतात.

खाली येरळेत आता उन्हाळ्यातही पाणी दिसतं. जिहे-कठापूर योजनेनं कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून नेर तलावाकडे आणलं, तिथून ते नदीत येतं. पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहू राहिलेल्या माणसाला हे पाणी मिळावंच, त्याबद्दल मला दुमत नाही. पण ते आवर्तनानं येतं, वीजबिलावर चालतं, आणि ज्याला नदीपासून रानापर्यंत पाइपलाइन परवडते त्याच्या शेतात आधी पोचतं. माळाच्या पोटातून ओढ्यात उतरणाऱ्या पाण्याला पंप लागत नव्हता आणि ते वाडीतल्या शेवटच्या बाईच्या घागरीतही येत होतं. योजना आली म्हणून ओढ्याकडे पाठ फिरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. गावात मात्र तसं होऊ लागलंय.

दुसरा धोका मालकीचा. सातबाऱ्यावर ओढ्याखालची जमीन पोटखराब ‘ब’ वर्गात जाते, तिच्यावर शेतसारा नाही, ती सार्वजनिक. त्यामुळे ती सांभाळायला कुणी नाही आणि दाबायला सगळे. खोलीकरणानं ओढा सरळ झाल्यावर जुन्या वळणांच्या जागा लगोलग नांगराखाली गेल्या. एका ठिकाणी तर पात्र इतकं अरुंद झालंय की यंदाच्या परतीच्या पावसात पाणी काठाच्या कांद्यात घुसलं. ज्याचा कांदा गेला त्यानं ओढ्याला दोष दिला.

माझी वहिनी गेली दोन वर्षं यामागे लागली आहे. तिनं आधी आमच्याच रानाच्या कडेला पात्रापासून काही हात जागा सोडली आणि तिथे करंज, जांभूळ, निरगुडी लावली. भावाला सुरुवातीला ते पटलं नव्हतं, चांगली काळी जमीन होती. आता लव्हाळा आपोआप आलाय आणि काठ ढासळायचा थांबलाय, म्हणून तो गप्प आहे. महिलांची ग्रामसभा मुख्य सभेच्या आधी भरते, तिथे ओढ्याचा ठराव मांडायचा असं तिनं ठरवलंय. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा तिनं वहीतला मसुदा वाचून दाखवला. ओढ्याची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत. वाळूचा उपसा पूर्ण बंद. हद्दीतलं झाड तोडायचं झालं तर सभेची परवानगी. आसरांचे दगड परत जागेवर.

आप्पा खाटेवर बसून ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "ब्येस लिवलंयस. पर वरल्या माळाचं काय? त्यो सोलारवाल्यांना द्यायचं चाललंय म्हनं."

वहिनीनं पान उलटून पुढचं कलम दाखवलं. त्यावर अजून गावात एकमत नाही. भाड्याचे पैसे ग्रामपंचायतीला हवे आहेत, आणि तेही खोटं नाही; शाळेच्या दोन खोल्या गळतात. वहिनीचं म्हणणं, पॅनल खालच्या खडकाळ पट्ट्यावर बसवा, चर मारलेला माथा सोडा. त्यासाठी ती आणि तिच्या गटातल्या बायका आता घरोघर सह्या घेत फिरताहेत. ग्रामसभा २६ जानेवारीला आहे.